युद्धात पळवलेलं मूल परत नेणं ही दुसरी पळवापळवीच का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पोलंडमधून मुलं नेली, त्यांना जर्मन नावं दिली आणि जर्मन घरांत ठेवलं. ज्यांच्या घरात ती वाढली त्यांतल्या बऱ्याच जणांना मूल कुठून आलं हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी त्याला जीव लावला. मग युद्ध संपल्यावर, ज्याला पोलिशचा एक शब्द येत नाही अशा सात-आठ वर्षांच्या मुलाला त्या घरातून उठवून पोलंडला धाडणं हा दुसरा अन्याय नव्हे का? शिवाय तुम्ही विचारलंय, की कुणाला मारलं नाही, उलट खाऊपिऊ घातलं, तर याला वंशसंहार का म्हणायचं. आणि जाता जाता हेही, की नाव बदललेलं मूल सापडतं तरी कसं. शेवटी रशियानं नेलेल्या युक्रेनच्या मुलांचा उल्लेखही आहे, त्याकडे अखेरीस येते.

हे तीन प्रश्न आहेत, आणि मी शेवटच्यापासून सुरू करणार आहे, कारण माझं काम तेच. गेली एकोणीस वर्षं मी युद्धात हरवलेल्या माणसांच्या नोंदी जुळवते. जर्मन आणि पोलिश कागद वाचायचे, दोन कार्डं एकाच माणसाची आहेत का ते ठरवायचं, आणि खात्री नसेल तर तसं घरच्यांना सांगायचं. मी वकील नाही, मानसतज्ज्ञही नाही. त्यामुळे उरलेल्या दोन प्रश्नांवर माझं मत आहे ते कागद हाताळून हाताळून झालेलं मत आहे, तेवढ्याच वजनानं घ्या.

शोधणाऱ्याला पळवणाऱ्याच्याच पावलांवरून उलटं चालावं लागतं, म्हणून पळवणारे काय करत होते ते आधी बघू.

मे 1940 मध्ये एसएस या नाझी दलाचा प्रमुख हिमलर यानं पूर्वेकडच्या जनतेचं काय करायचं यावर एक टिपण लिहिलं. त्यात म्हटलंय, की या लोकांना चार इयत्तांपलीकडे शाळा नको. पाचशेपर्यंत आकडे मोजता यावेत, स्वतःचं नाव लिहिता यावं आणि जर्मनांची आज्ञा पाळणं हीच देवाची आज्ञा आहे एवढं कळावं. वाचता येण्याची गरज नाही. त्याच टिपणात दर वर्षी सहा ते दहा वर्षांच्या मुलांची चाळणी करायची आणि 'चांगल्या रक्ताची' निघतील ती जर्मनीत न्यायची अशी कल्पना आहे. ऑक्टोबर 1943 मध्ये पोझनानच्या भाषणात तो आणखी उघड बोलला: इतर लोकांत आपल्यासारखं जे चांगलं रक्त आहे ते आपण घेऊ, गरज पडली तर त्यांची मुलं पळवून. 'पळवणं' हा शब्द त्याचाच आहे, मागाहून कुणी चिकटवलेला नाही.

कल्पनेचं यंत्र झालं ते 19 फेब्रुवारी 1942 च्या आदेशानं. हिमलरच्या हाताखाली 'जर्मन राष्ट्रत्व बळकट करण्याचं' एक खातं होतं, त्याचा कारभार उलरिख ग्राइफेल्ट बघत असे. त्याच्या सहीचा हा आदेश. आधी पोलिश अनाथालयांतली आणि पोलिश पालकांकडे सांभाळायला दिलेली मुलं शोधायची. मग वंशतपासणी: डोक्याची, नाकाची, गालफडांची ठेवण, डोळ्यांचा आणि केसांचा रंग. मग डॉक्टरी तपासणी, मग काही काळ एखाद्या बालगृहात ठेवून वागणूक बघणं. पास झालेल्यांपैकी दोन ते सहा वर्षांची मुलं 'लेबेन्सबोर्न' या एसएसच्या संस्थेमार्फत घरांत द्यायची आणि सहा ते बाराची निवासी शाळांत पाठवायची. लहानांना घर आणि मोठ्यांना शाळा, यामागचा हिशेब सरळ आहे. लहान मूल विसरतं. मोठं विसरत नाही, त्याला विसरायला लावावं लागतं.

या आदेशातली एक सूचना मी दर वेळी लोकांना दाखवते. 'जर्मन करण्याजोगी पोलिश मुलं' हे शब्द लोकांच्या कानावर जाऊ नयेत याची खास काळजी घ्यावी. ही परत मिळवलेल्या पूर्वेच्या मुलखातली जर्मन अनाथ मुलं आहेत असं सांगावं. म्हणजे तुमचं म्हणणं खरं आहे. सांभाळणाऱ्यांपैकी अनेकांना खरोखर माहीत नव्हतं. पण ते आपोआप घडलं नव्हतं, त्यांना माहीत नसावं हीच व्यवस्था होती.

'अनाथ' या शब्दावरही थोडं थांबू या. यातल्या कितीतरी मुलांना एक तरी जन्मदाता होता. बाप तुरुंगात किंवा गोळ्या घातलेला, आई छळछावणीत, म्हणून मूल अनाथालयात, म्हणून ते अनाथ! आधी आईला न्यायचं आणि मग मुलाला आई नाही अशी नोंद करायची. पोलंडच्या पूर्वेकडच्या झामोश्च भागात तर एवढीही टाळाटाळ केली नाही. नोव्हेंबर 1942 पासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथल्या सुमारे तीनशे गावांमधून एक लाखाहून अधिक माणसं हुसकावली, त्यांत तीस हजारांच्या आसपास मुलं होती. झामोश्चच्या संक्रमण छावणीत कुटुंबं फोडली. काही मुलं ऐन थंडीत गाड्यांमध्ये भरून पाठवली, वाटेत कित्येक गोठून मेली. वॉर्सासारख्या स्थानकांवर लोकांनी पहारेकऱ्यांना पैसे चारून गाडीतली पोरं सोडवून घेतली. या भागातून जर्मनीकरणासाठी रवाना केलेल्यांचा आकडा साडेचार हजारांच्या घरात दिला जातो.

आता कागद. मूल पळवल्यावर पहिली चोरी होते ती नावाची. पण नोकरशाहीची एक खोड असते: ती नाव बदलते तेव्हासुद्धा सोय बघते. नवं जर्मन आडनाव पुष्कळदा जुन्याच्याच अक्षरांनी सुरू होतं, कारण मूल स्वतःच्या नावाला ओ द्यायला शिकलेलं असतं आणि नवं नाव जवळचं असलं की ते लवकर वळतं. पोझनानचे डॉक्टर फ्रान्चिशेक व्हिताशेक भूमिगत प्रतिकारात होते. जर्मनांनी जानेवारी 1943 मध्ये त्यांना मारलं. त्यांची बायको हालिना आधी आउश्वित्सच्या आणि मग राव्हेन्सब्र्युकच्या छळछावणीत गेली. त्यांच्या दोन मुली, आलोदिया आणि दारिया, वूजमधल्या मुलांच्या छावणीतून कालिशच्या बालगृहात आणि तिथून लेबेन्सबोर्नच्या बाड पोल्त्सिन इथल्या घरात आल्या. 'व्हिताशेक'चं 'व्हिट्के' झालं. आलोदियाची आलिस, दारियाची डोरा. पहिली अक्षरं तशीच.

दुसरी खूण तारखांची. मूल 1938 चं आणि जन्मदाखला 1943 किंवा 1944 मध्ये काढलेला, तोही एकदम नवा, असं दिसलं की मी खुर्चीत सरळ बसते. लेबेन्सबोर्नकडे स्वतःची नोंदणी व्यवस्था होती, त्यामुळे गावच्या कार्यालयाला पत्ता न लागू देता जन्माचा कागद तयार होऊ शकत असे. अशा कागदांवर जन्मगाव कधी कधी खरंच असतं, तारीख दोन-चार दिवसांनी सरकलेली असते, आणि आईबापांच्या रकान्यात काहीच नसतं. माझ्या हातून गेलेल्या एका फाइलचं उदाहरण देते, ओळखीच्या खुणा काढून. मुलाच्या डोक्याची लांबी-रुंदी लिहिली होती, केसांच्या रंगाचा क्रमांक होता, छातीचा घेर होता, दातांची अवस्था होती, अंथरूण ओलं करतो असा शेरा होता. तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या सह्या होत्या. आईच्या नावापुढे नुसती आडवी रेघ. ती रेघ पट्टी ठेवून मारली होती. पट्टी घ्यायला त्या माणसाकडे वेळ होता.

त्या मुलाचा माग लागला तो त्या मापांमुळे, आईचं नाव लिहिणाऱ्यामुळे नाही. वेगळ्या नावाच्या एका जुन्या यादीत तेवढीच उंची, तेवढंच वजन आणि उजव्या गुडघ्याखाली भाजल्याची खूण होती, आणि त्या यादीवर आधीच्या अनाथालयाचा शिक्का होता. अनाथालयाच्या नोंदवहीत आई होती. मोजमापाचा हा सोस ज्यांना होता त्यांनी नकळत माझी सोय करून ठेवली, याचं मला कधी हसू येतं, कधी नाही.

पण कागद जुळला म्हणजे माणूस जुळला असं धरू नका. स्लोव्हेनियातल्या रोगाश्का स्लातिना भागातून तान्हेपणी नेलेल्या एका मुलीनं म्हातारपणी आपलं मूळ घर शोधलं, तेव्हा त्या घरात त्याच नावाची दुसरीच एक बाई आयुष्यभर मुलगी म्हणून वाढलेली निघाली. 1942 च्या ऑगस्टमध्ये त्सेल्ये गावच्या शाळेत पार्टिझनांच्या, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांच्या, कुटुंबांतली सुमारे सहाशे मुलं आईबापांपासून तोडली होती. त्या धामधुमीत घरच्यांच्या हाती भलतंच बाळ आलं होतं. हे उलगडलं डीएनएमुळे. म्हणून मी आता अक्षरं, तारखा, खुणा एवढ्यावर कुणाला 'तुमचाच' असं सांगत नाही. 'असू शकतो' म्हणते, आणि चाचणीची वाट सांगते.

युद्धानंतर लगेच शोधणाऱ्यांकडे डीएनए नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या मदत आणि पुनर्वसन संस्थेनं, म्हणजे 'अन्रा'नं, जर्मनीत मुलांच्या शोधाची पथकं केली. 1947 च्या जुलैपासून ते काम आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेलं. जर्मन कार्यालयांकडून परदेशी मुलांच्या याद्या मागवायच्या, बालगृहं पालथी घालायची, आणि एखादं मूल संशयास्पद वाटलं तर त्याच्याशी बोलायचं. मूल म्हणायचं, मी जर्मन. मग कार्यकर्ती पोलिश अंगाईगीत किंवा लहान मुलांचं गाणं गुणगुणायची, कधी रात्रीची प्रार्थना. शब्द पुसले गेलेले असायचे, पण चाल राहिलेली असायची. काही मुलं पुढची ओळ म्हणायची आणि मग रडायची, कारण ती ओळ कुठून आली हे त्यांनाच कळत नसे. पोलंडच्या बाजूनं हे काम वकील रोमान ह्राबार यांच्याकडे होतं. त्यांनी दिलेला दोन लाख मुलांचा आकडा अजून सर्वत्र दिसतो, आणि त्यांतली तीस हजार परत आली असं सांगतात. अलीकडचे काही इतिहासकार पोलंडपुरता आकडा वीस हजारांच्या आसपास धरतात. तफावत बघून 'म्हणजे खोटं' असं म्हणू नका. तपासणी झालेली, छावणीत टाकलेली, आईबापांबरोबर मजुरीला नेलेली, आणि प्रत्यक्ष जर्मन घरांत दिलेली मुलं, यांतलं कुणाला मोजायचं यावर आकडा पालटतो. मी स्वतः दोन लाख हा आकडा वापरत नाही, पण वीस हजार म्हटल्यानं गुन्हा दहापट लहान होतो असंही मला वाटत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मारलं नाही तर वंशसंहार कसा. मराठीत याचं उत्तर शब्दातच आहे. 'वंश बुडाला' म्हणताना आपण सगळे मेले असं म्हणत नाही. नाव चालवायला कुणी उरलं नाही असं म्हणतो. कायद्यात हे आलं ते संयुक्त राष्ट्रांच्या 9 डिसेंबर 1948 च्या वंशसंहारविरोधी करारात. त्याच्या दुसऱ्या कलमात वंशसंहाराचे पाच प्रकार आहेत आणि पाचवा आहे एका समूहाची मुलं बळजबरीनं दुसऱ्या समूहात नेणं. हे वाक्य जवळजवळ वगळलंच गेलं होतं. मूळ मसुद्यात ते 'सांस्कृतिक वंशसंहार' या सदरात होतं आणि ते सदरच पुढे गळालं. मुलांचं वाक्य तेवढं ग्रीसच्या सूचनेवरून परत घेतलं गेलं. बाजूनं वीस मतं, विरोधात तेरा, आणि तेरा देश तटस्थ. म्हणजे हे तेव्हाही सर्वांना पटलं होतं असं नाही.

पण एक गोष्ट सरळ सांगते. प्रत्येक बळजबरीचं स्थलांतर वंशसंहार ठरत नाही. त्या समूहाला समूह म्हणून नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि हेतू कागदावर क्वचित सापडतो. हिमलरच्या बाबतीत तो सापडला, कारण त्या माणसाला लिहायची आणि बोलायची हौस होती. तरीही न्यूरेंबर्गला नाझींवर चाललेल्या खटल्यांचा अनुभव कडू आहे. ऑक्टोबर 1947 ते मार्च 1948 चाललेल्या खटल्यात चौदा आरोपी होते. ग्राइफेल्टला जन्मठेप झाली, तो पुढच्याच वर्षी तुरुंगात मेला. लेबेन्सबोर्नच्या पदाधिकाऱ्यांना मात्र मुलं पळवण्याच्या आरोपातून सोडलं. न्यायालयाच्या मते ती मुलांची नीट काळजी घेणारी कल्याणकारी संस्था होती. काळजी घेतली होती हे खरंच आहे. पण चोरीचा माल स्वच्छ कपाटात ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो? हा माझा शेरा आहे, कायद्याचा नाही. आणि ज्यांच्यावर हे घडलं त्यांच्या पदरात काय पडलं, तर पोलंडहून नेलेल्या एका वृद्धानं जर्मनीकडे भरपाई मागितली तेव्हा कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयानं 2018 मध्ये ती नाकारली. तो भरपाईच्या नियमांतल्या पीडितांच्या व्याख्येत बसत नव्हता.

खाऊपिऊ घातलं हे सुद्धा निवडून घातलं होतं, हे विसरू नका. तपासणीत नापास झालेल्यांचं काय होत असे ते लिदित्सेच्या मुलांकडे बघा. चेक मुलखाचा नाझी कारभारी हायड्रिख याच्या हत्येचा सूड म्हणून 10 जून 1942 ला ते चेक गाव नष्ट केलं. पुरुषांना जागेवर गोळ्या घातल्या, बायका छावणीत धाडल्या. मुलांपैकी थोडी 'जर्मन करण्याजोगी' म्हणून वेगळी काढली आणि 82 मुलं हेउम्नोच्या मृत्युछावणीत वायूनं मारली. गावातली सतरा मुलं युद्धानंतर परत आली. सगळी एकाच गावातली पोरं.

उरला तुमचा पहिला प्रश्न, आणि खरा तोच.

व्हिताशेक बहिणींकडे परत जाऊ. आलोदियाला जर्मनीतल्या श्टेंडालच्या दाल कुटुंबानं 1944 मध्ये घरी नेलं. त्या बाईंना मूल नव्हतं आणि त्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. हालिना व्हिताशेक छावणीतून जिवंत परतल्या आणि त्यांनी मुलींचा शोध सुरू केला. 1947 मध्ये आलोदिया पोझनानला परत आली, तेव्हा तिला पोलिश येत नव्हतं. आपल्या आईशी बोलायला भाषा नाही, भावंडांना ही जर्मन वाटते, आणि जर्मनांनी ज्यांचं घर उजाड केलं त्या गल्लीत ती जर्मन बोलते. तुम्ही जो अन्याय म्हणताय तो इथे आहे, तो मी नाकारत नाही. पण हेही ऐका: हालिनांनी दाल बाईंचं नाव घरातून हद्दपार केलं नाही. पत्रव्यवहार चालू राहिला, पुढे भेटी झाल्या, आणि आलोदिया आयुष्यभर दोन आया असल्याचं सांगत आल्या.

आता याच्या शेजारी दुसरा ठेवा. रोगोझ्नो गावचा एक मुलगा पाच वर्षांचा असताना नेला, तो कोब्लेन्झच्या एका घरात पक्का जर्मन म्हणून वाढला. पोलंडहून आईची पत्रं येऊ लागली तेव्हा त्याला तो खोटारडेपणा वाटला; पोलिश लोक हलके असतात हे तो शिकलेला होता, आणि आता तोच पोलिश निघाला. तो किशोरवयात आईला भेटायला गेला आणि पुढे तिथेच राहिला. याला वाचवलं म्हणायचं की दुसऱ्यांदा मोडलं, यावर त्याचं स्वतःचं उत्तरसुद्धा एका वाक्याचं नव्हतं.

त्या काळी कार्यकर्त्यांमध्येही यावरून जोरदार भांडणं होती. काहींचं म्हणणं, मूल देशाचं आणि कुटुंबाचं, ते गेलंच पाहिजे. सहा दशलक्ष माणसं गमावलेल्या पोलंडला तर प्रत्येक मूल परत हवं होतं. काहींचं म्हणणं, मुलाचं हित बघा, चांगल्या घरातून उपटू नका. ऐकायला दुसरं म्हणणं जास्त दयाळू वाटतं. पण 1947-48 नंतर ते बोलणाऱ्यांच्या मागे शीतयुद्ध उभं होतं, आणि मूल साम्यवादी पोलंडला न पाठवण्याचं कारण म्हणून 'मुलाचं हित' सोयीचं पडत होतं. इतक्या फायली वाचल्यावर मला हे शब्द दिसले की मी आधी विचारते, मुलाच्या हिताचा निर्णय घेताना आई जिवंत आहे हे मुलाला सांगितलं होतं का? बऱ्याच वेळा नव्हतं.

इथेच मला जे म्हणायचंय ते येतं. मुलाला परत *नेणं* आणि मुलाचं त्याला परत *देणं* ही दोन कामं आहेत, आणि आपण वाद घालतो तो फक्त पहिल्यावर. पहिलं काम परिस्थितीवर अवलंबून आहे. वय किती? आई किंवा बाप जिवंत आहे, की दूरचा काका फक्त, की नुसतं सरकार हक्क सांगतंय? मुलाला काही आठवतं का? ज्यांच्याकडे आहे ते संबंध ठेवू देतील का? आई जिवंत असून मूल मागत असेल आणि मूल लहान असेल, तर मी परत नेण्याच्या बाजूनं आहे, हळूहळू आणि सांभाळणाऱ्या घराशी नातं न तोडता. कुणीच जिवंत नसेल आणि मूल दहा वर्षं एका घरात रुजलं असेल, तर नुसत्या नागरिकत्वासाठी त्याला हलवण्याच्या मी बाजूनं नाही. यांच्या मधल्या जागी हजारो मुलं होती आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे सूत्र नाही.

दुसरं काम मात्र कशावरही अवलंबून नाही. तुझं नाव हे होतं, तुझी आई ही, तुला या तारखेला या कारणानं नेलं: एवढं त्याला मिळालंच पाहिजे. तेव्हा ते दिलं नाही म्हणून आज ऐंशी ओलांडलेली माणसं माझ्यासारखीला पत्रं लिहितात. त्यांच्यापैकी कुणीही मला 'मला परत न्या' असं म्हटलेलं नाही. एका आजोबांनी विचारलं होतं, की आपला वाढदिवस खरा कोणत्या दिवशी असतो. दाखल्यावरच्या आणि चर्चच्या नोंदवहीतल्या तारखांत नऊ दिवसांचा फरक निघाला. त्यांनी दुसऱ्या तारखेला केक कापायला सुरुवात केली, आणि त्यांच्या बायकोनं मला कळवलं, की पहिल्या तारखेलाही कापतात. जर्मन आईनं घातलेली सवय सोडवत नाही म्हणाले.

सांभाळणाऱ्या आईचं प्रेम त्यामुळे खोटं ठरत नाही. फक्त त्या प्रेमानं चोरी धुतली जात नाही. पळवणाऱ्यांनी त्या बाईलाही फसवलंच होतं.

तुम्ही शेवटी युक्रेनचा उल्लेख केलाय, म्हणून तेवढंच. 17 मार्च 2023 ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं व्लादिमिर पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढली. आरोप मुलांच्या बेकायदा स्थलांतराचा, म्हणजे युद्धगुन्ह्याचा आहे, वंशसंहाराचा नाही. हेतूबद्दल वर जे म्हटलं ते आठवा. युक्रेन सरकारच्या नोंदीत अशी एकोणीस हजारांहून अधिक मुलं आहेत. 30 मे 2022 च्या फर्मानानं युक्रेनच्या अनाथ आणि पालकांविना असलेल्या मुलांना रशियन नागरिकत्व देणं सोपं केलं, आणि इथे माझ्यासारखीच्या अंगावर काटा येतो, कारण 'पालकांविना' हा रकाना कसा भरला जातो ते मी पाहिलंय. 1949 च्या चौथ्या जिनेव्हा कराराचं पन्नासावं कलम कब्जा करणाऱ्या सत्तेला मुलांचा वैयक्तिक दर्जा बदलायला साफ मनाई करतं. ते कलम लिहिलं गेलं तेव्हा कालिशसारख्या बालगृहांची आठवण ताजी होती.

फरक एवढाच, की आता मूल हलतं तेव्हा मागे फोटो, फोन, शाळेची नोंद, आजीचा डीएनए असं बरंच काही उरतं. आणि युद्धाच्या धोक्यातून मुलांना खरोखर बाहेर काढावं लागलंच तर काय लिहायचं हेही ठरलेलं आहे. जिनेव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधलं अठ्ठ्याहत्तरावं कलम एका कार्डाची यादी देतं: आडनाव, नाव, जन्माची जागा आणि तारीख, बापाचं पूर्ण नाव, आईचं पूर्ण नाव आणि तिचं माहेरचं आडनाव, मातृभाषा, घरचा पत्ता, अंगावरच्या खुणा, मूल कुठे आणि केव्हा सापडलं. कार्डाला फोटो लावायचा आणि ते रेड क्रॉसच्या केंद्रीय शोध संस्थेकडे पाठवायचं. आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना त्या यादीत घालायचं कुणाला सुचलं ते मला माहीत नाही. पण आडव्या रेघा पाहिलेलं कुणीतरी त्या खोलीत बसलेलं असणार.